बोर आणि खारीक

धाराशिवच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायला लागून मला बावीस वर्षं झाली होती, तेव्हा ती नवी प्राध्यापिका म्हणून आमच्या विभागात आली. वय तिशीच्या आतबाहेर, गाव सास्तूर, आणि बोलणं अगदी घरातल्यासारखं. पहिल्याच आठवड्यात ती एक वांगं, एक काकडी आणि तुरीच्या शेंगांची जुडी घेऊन वर्गात गेली. मी शेजारच्या प्रयोगशाळेत वह्या तपासत होते. थोड्या वेळानं भिंतीपलीकडून पोरं हसल्याचा आवाज आला. फळांचं वर्गीकरण मी बावीस वेळा शिकवलं होतं आणि माझ्या तासाला कधी कुणी हसलं नव्हतं. तोवर मला ते शिस्तीचं लक्षण वाटायचं.

माझी पद्धत ठरलेली होती. फळ्यावर तक्ता काढायचा, साधी फळं, समूह फळं, संयुक्त फळं, मग साध्यांमध्ये मांसल आणि शुष्क. नमुने बरण्यांमध्ये. फॉर्मलिनमध्ये राहून राहून पेरू, वांगं, भेंडी सगळ्यांचा रंग एकच झालेला.

ती वर्गात सीताफळ फोडायची आणि विचारायची, हे एक फळ का लई फळं? पोरं म्हणायची, एक. मग ती दाखवायची की एकाच फुलात पुष्कळ स्त्रीकेसर असतात, प्रत्येकाचं आपापलं इवलं फळ होतं आणि ती सगळी एकमेकांना चिकटून बसतात. वरून दिसणारा एकेक डोळा म्हणजे एकेक फळ. ज्वारीचा दाणा हे बी नसून अख्खं फळ आहे, हे मी दरवर्षी एका वाक्यात सांगून पुढं जायची. तिनं सांगितलं, ‘आपण उपासाला फळं खातो म्हणतो, अन् रोजची भाकरी असती ती बी फळाच्याच पिठाची.’ हे मी व्हरांड्यात उभी राहून ऐकलं. हो, मी ऐकत उभी राहायची. हातात उगीच एखादी फाईल धरून.

एकदा मीही पर्समधून पेरू नेला. सुरी विसरले. हातानं फुटेना, शेवटी टेबलाच्या कडेवर आपटला. पहिल्या बाकावरच्या मुलानं वहीत तारीख लिहिली. तो पेरू मी घरी आणला आणि कुणाला न सांगता टाकून दिला.

तरी हे सगळं मी सहन केलं असतं. पण तामलवाडीची एक मुलगी होती, वसतिगृहात राहणारी. वडिलांची द्राक्षबाग होती, त्यामुळं तिला बागेतलेच प्रश्न पडायचे. तास संपला की ती माझ्या टेबलाशी येऊन उभी राहायची. हिच्यासाठी तरी आपण चांगलं शिकवतो, असं मला वाटायचं. दिवाळीच्या सुट्टीनंतर ती माझ्या टेबलावरून पुढं गेली, मला ‘नमस्ते मॅडम’ म्हणाली आणि नव्या मॅडमसमोरच्या खुर्चीवर बसली.

डिसेंबरमध्ये आमच्या विभागानं फळांचं प्रदर्शन भरवलं. कल्पना तिची, फळंही तिनंच गोळा केलेली. डाळिंब, कवठ, करडईची बोंडं, रुईची फळं, बाभळीच्या शेंगा. उद्घाटनाला माझेच जुने प्राध्यापक येणार होते. निवृत्त झालेले, नजरेतून काही न सुटणारे.

सकाळी मी सभागृहात टेबलं पाहत फिरले. एका ताटलीत बोरं आणि खारका शेजारी शेजारी ठेवल्या होत्या आणि पुढं चिठ्ठीवर तिच्या अक्षरात लिहिलं होतं : अश्मगर्भी फळं. बोराचं बरोबर होतं. बोराची आठळी हा फळाचाच सगळ्यात आतला थर, टणक झालेला. ती फोडली की आत बी सापडतं. खारकेचं तसं नसतं. तिच्यात जे टणक लागतं ते खुद्द बीच असतं आणि फळाचा आतला थर म्हणजे त्याभोवतीचा पातळ पापुद्रा. म्हणून खारीक मृदुफळांत जाते, टोमॅटोच्या आणि द्राक्षाच्या गटात. हमखास होणारी चूक आहे.

मी पेनाचं टोपण काढलं. मग परत लावलं आणि चहाला गेले.

सर आले आणि त्या ताटलीपाशी थांबले. टेबलाशी तामलवाडीची ती मुलगी उभी होती. ती तिथं असेल हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. सरांनी तिला विचारलं, खारीक ह्या गटात कशी? तिनं न घाबरता सांगितलं, आत आठळी आहे म्हणून. सर म्हणाले, दोन्ही फोडा आणि बी दाखवा. तिनं खलबत्त्यात बोराची आठळी फोडली, बी निघालं. खारकेची काही केल्या फुटेना. मागं दुसऱ्या विभागांची मुलं जमली होती.

‘पाठ केलेलं दिसतंय,’ सर म्हणाले. ‘पाहिलेलं नाही.’

मुलीनं मान वर केली आणि माझ्याकडं पाहिलं. मी सरांच्या मागंच उभी होते. मी नजर चिठ्ठीकडं वळवली.

तेवढ्यात माझी सहकारीण पलीकडच्या टेबलावरून आली. ‘सर, चिठ्ठी मी लिहिलीय,’ ती म्हणाली. ‘हिची चूक न्हाय. मीच फसले. तुम्ही समजावून सांगा, दोघी ऐकतो.’ आणि खरंच मुलीच्या शेजारी स्टूल ओढून बसली. सर खुलले. त्यांनी एक खारीक गरम पाण्यात भिजवायला लावली, मग चिरून पापुद्रा दाखवला, अर्धा तास त्याच टेबलाशी रमले आणि भाषणात म्हणाले की चूक अशी कबूल करणारे शिक्षक हवेत. मला तिची फजिती हवी होती. फजिती मुलीची झाली आणि टाळ्या तिला मिळाल्या.

दुपारी सभागृह रिकामं झाल्यावर ती ताटल्या आवरत होती. मी जवळ जाऊन म्हणाले, ‘ती चिठ्ठी मी सकाळीच पाहिली होती.’

‘माहीत आहे,’ ती म्हणाली. ‘मी दारात होते. तुम्ही वाचली, पेन काढलं अन् काही न लिहिता गेलात. मला वाटलं, मॅडमनी तपासली, बरोबर आहे. म्हणून मी पुन्हा बघितली न्हाय.’

ती टोमणा मारत नव्हती, म्हणून ते जास्त लागलं. मी म्हणाले, ‘मला तुमचा हेवा वाटतो. पहिल्या आठवड्यापासून.’

तिनं हातातली ताटली बाकीच्यांवर ठेवली. मग म्हणाली, ‘माझं राहू द्या. त्या पोरीला सांगा.’

दुसऱ्या दिवशी मी मुलीला व्हरांड्यात गाठून सांगितलं. चूक मला दिसली होती आणि मी मुद्दाम गप्प बसले, एवढंच. तिनं ऐकून घेतलं, ‘बरं मॅडम’ म्हणाली आणि तासाला गेली. वर्षभर ती माझ्या टेबलाशी आली नाही. माझी तक्रार नव्हती.

सहकारिणीच्या चिठ्ठ्या आता आधी माझ्याकडं येतात. नुसतं पाहून चालत नाही, ‘तोंडानं सांगा’ म्हणते. कधीमधी मी तिच्या तासाला मागच्या बाकावर जाऊन बसते. हेवा गेला असं म्हणवत नाही.

यंदा ती मुलगी एमएस्सीला लागली. पेढे घेऊन आली, आधी सहकारिणीकडं गेली, मग माझ्याकडं. मला वाकून नमस्कार केला, पेढा दिला, विद्यापीठाचं थोडं सांगितलं आणि एसटीची वेळ झाली म्हणून निघाली. माझ्यापाशी ती पाच मिनिटं होती. तिच्यापाशी पंधरा. मी घड्याळ पाहिलं होतं.