आळीचं कार्ड

दांडीच्या मांगेल आळीत, मच्छीमारांच्या वस्तीत, क्रेडिट कार्ड एकच होतं. ते चंद्रकांताच्या नावावर होतं, पण तिच्या एकटीचं कधीच नव्हतं. ती बोईसरच्या औद्योगिक वसाहतीत, एका औषध कंपनीत पॅकिंगला होती. नोकरी कायम, पगार खात्यावर, म्हणून बँकेने आपणहून ते कार्ड घरपोच पाठवलं. आलं त्या दिवशी तिने ते देव्हाऱ्यात ठेवून त्याला हळदकुंकू वाहिलं, आणि तिचा नवरा एकनाथ पोट धरून हसला. तो तेव्हा तांडेल होता, बोटीवरचा मुख्य माणूस, आणि कशालाही हसायची त्याची तयारी असे.

पावसाळ्यात बोटी किनाऱ्यावर ओढल्या की आळीची मासळी थांबते आणि खर्च नेमका तेव्हाच निघतो. जाळ्याचा धागा, इंजिनाचे सुटे भाग, बर्फाच्या पेट्या. पूर्वी हा माल व्यापारी उधारीवर द्यायचा आणि हंगाम सुरू झाला की म्हावरा, म्हणजे मासळी, तो म्हणेल त्या भावाने उचलायचा. कार्ड आल्यावर बायकांनी ठरवलं, त्या मेल्याच्या दारात उभं राहण्यापेक्षा चंद्रकांता बरी. ती दुकानात जाऊन कार्ड घासायची, पुढे हंगामातही दर महिन्याला कुणाचं ना कुणाचं काही निघायचंच, आणि बिलाची तारीख जवळ आली की बायका सुक्या बोंबलाचे, जवळ्याचे पैसे पदराला बांधून तिच्या ओट्यावर यायच्या. एकीचे कमी पडले तर दुसरी घालायची. तारीख कधी म्हणून चुकली नाही. या गोष्टीचा चंद्रकांताला फार अभिमान होता, आणि कंपनीच्या बसमध्ये शेजारी बसणाऱ्या प्रत्येकीला तो ऐकावा लागे.

बँकेतून अधूनमधून फोन यायचा. मॅडम, लिमिट वाढवून देतो, कार्ड अपग्रेड करून देतो, काही खर्च नाही. ती दर वेळी नको म्हणायची. तिचं गणित होडीवरचं होतं: होडी मोठी केली की माणसं जास्त चढतात. पन्नास हजार आहेत तोवर आळी पन्नास हजारांत भागवते, दीड लाख केले तर दीड लाख उडवेल, आणि मग बँकेला तोंड कोण देणार? विचार शहाणपणाचाच होता. पण बँकेचं गणित वेगळं असतं, आणि ते फोनवर गोड बोलणाऱ्या पोरी कधी सांगत नाहीत.

मग एकनाथच्या किडन्या गेल्या. बोईसरला आठवड्यातून तीनदा डायलिसिस. आळी इतकी चिंचोळी की रिक्षा आत येत नाही. डायलिसिसच्या दिवशी दामू सकाळीच यायचा, एकनाथला प्लास्टिकच्या खुर्चीत बसवायचा आणि शेजारच्या कुणाला तरी हाताला घेऊन त्याला रस्त्यापर्यंत उचलून न्यायचा. हा दामू एकेकाळी एकनाथच्या हाताखाली खलाशी होता. आता त्याची स्वतःची छोटी बोट होती. जाणं निभायचं, परत येताना मात्र रस्त्याच्या खड्ड्यांनी एकनाथची आतडी पिळवटून निघत. घरी आला की दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडून राहायचा. डॉक्टरांनी सांगितलं, जमलं तर जवळ राहायला या.

चंद्रकांताने हॉस्पिटलच्या मागच्या गल्लीत तळमजल्यावरची एक विकाऊ खोली शोधली. पाटल्या मोडून बयाणा दिला, मालकाने दिवाळीपर्यंतची मुदत दिली. उरलेल्यासाठी कर्ज काढायचं होतं. आता तिचा सगळा जीव त्या खोलीत होता. नवऱ्याचे जे काही दिवस उरलेत ते रस्त्यात झिजू नयेत, एवढंच तिचं मागणं होतं.

पालघरच्या कर्ज कार्यालयात ती नवी साडी नेसून गेली. आपल्याला नाही म्हणायचं कारणच नाही, अशी तिची खात्री होती. प्रदीप नावाच्या तरुण अधिकाऱ्याने तिचा क्रेडिट स्कोअर काढला. कर्ज बसत नव्हतं. तिने आवाज चढवून सांगितलं, की माझा एक दिवस उशीर दाखवा.

"उशीर नाहीच, ताई," तो म्हणाला. "पण दर महिन्याला तुमचं कार्ड काठोकाठ भरलेलं दिसतं. असं कार्ड दिसलं की वाटतं, या माणसाचं भागत नाहीये."

त्याने नीट समजावून सांगितलं. खर्च तेवढाच असता आणि लिमिट दीड लाख असती, तर तिने जेमतेम तिसरा हिस्सा वापरला असं दिसलं असतं, आणि स्कोअर चांगला राहिला असता. तिने विचारलं, मग आता वाढवू का? तो म्हणाला, बँक आपणहून देईल तेव्हा घ्या. आत्ता नव्या कार्डासाठी अर्ज कराल तर त्या अर्जाचीही नोंद होते, आणि कर्जाच्या तोंडावर ती बरी दिसत नाही. रागाने हे जुनं कार्ड बंदही करू नका, इतक्या वर्षांची चांगली नोंद त्यावरच आहे. फक्त दिवाळीपर्यंत वापर अगदी कमी ठेवा, स्कोअर चढेल, मग पुन्हा या.

चंद्रकांता बाहेर येऊन पायरीवर बसली. ज्या गोष्टीसाठी तिने स्वतःला शाबासकी दिली होती, तीच तिच्या मुळावर आली होती. आणि ते तीन-चार फोन तिला शब्दन् शब्द आठवत होते.

तिने आळीला सांगितलं. कुणी वाकडं बोललं नाही. बायका निमूट व्यापाऱ्याकडे गेल्या.

श्रावणात दामू आला. ओट्याखालीच उभा राहिला. त्याच्या इंजिनाचा गिअरबॉक्स गेला होता, व्यापारी एवढी मोठी रक्कम द्यायला तयार नव्हता.

"वयनी, एकदाच," तो म्हणाला. "म्हावरा लागला का आधी तुजं भरीन."

तिने हिशेब केला. कार्ड पुन्हा काठाला लागलं असतं, आणि दामूचे पैसे दिवाळीच्या आत फिटले नसते. खोली गेली असती.

"नाय जमणार, दामू," ती म्हणाली. "ह्यांच्या खोलीचा प्रश्न हाय."

त्याने मान हलवली आणि गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी तो खुर्ची उचलायला वेळेवर हजर होता. तिच्याकडे त्याने पाहिलं नाही, पण एकनाथच्या पायाखाली उशी सरकवायला विसरला नाही.

नारळी पौर्णिमेनंतर सगळ्या बोटी गेल्या, दामूची किनाऱ्यावरच राहिली. गणपती झाल्यावर तो गुजरातला, दुसऱ्याच्या बोटीवर खलाशी म्हणून गेला. आळीतले पुरुष सगळे दर्यावर, म्हणून एकनाथ आता भिंती धरत, थांबत थांबत रस्त्यापर्यंत जायचा. दामू का गेला, हे त्याने विचारल्यावर तिला खोटं बोलता आलं नाही. तो रागावला नाही. एवढंच म्हणाला, "माझ्यासाठी केलंस, चंदे. म्हंजे त्याला मीच घालवला."

दिवाळीच्या तोंडावर स्कोअर वर आला आणि कर्ज मंजूर झालं. प्रदीपने स्वतः फोन करून अभिनंदन केलं. त्याच आठवड्यात कार्डवाल्या बँकेचा निरोप आला: आपला वापर उत्तम आहे, आपली लिमिट वाढवून देत आहोत, संमती कळवा. या वेळी चंद्रकांताने लगेच हो म्हटलं आणि मोबाइल हातात घेऊन तशीच दामूच्या घरी गेली.

त्याची बायको लाडकी दारात बोंबील उलटे-सुलटे करत होती. चंद्रकांताने धापा टाकत सांगितलं, की आता लिमिट तिप्पट झाली, गिअरबॉक्स काय, आख्खं इंजिन घे, दामूला फोन कर, बोलावून घे.

लाडकीने हातातला बोंबील खाली ठेवला.

"बोट इकली, बाय," ती म्हणाली. "दसऱ्याला. वानगावच्या मानसानं नेली."

चंद्रकांता तिथेच बसली. लाडकीच्या आवाजात राग नव्हता. तो असता तर तिला सोसता आला असता. लाडकीने पदराला हात पुसले आणि विचारलं, नव्या खोलीत कधी जाणार. पाडव्याला, असं चंद्रकांता कसंबसं म्हणाली.

"तवा मला हाक मार," लाडकी म्हणाली. "भावोजींना धराला कोनी तरी पायजे ना. आता आळीत बाप्ये नाय ऱ्हायले."

चंद्रकांता ओक्साबोक्शी रडू लागली. लाडकी उठून तिच्याशेजारी येऊन बसली, आणि आतून पोराने भूक लागली म्हणून दोनदा हाक मारली तरी ती तिथून हलली नाही.