कुलपाआडची मीरा

भुताखेतांवर माझा कधीच विश्वास नव्हता. आजही आहे असं म्हणवत नाही. आमचं नागपूरचं घर बौद्ध, वडील शाळामास्तर. अंगात येणं, नजर लागणं असल्या गोष्टी ते हसण्यावारी न्यायचे. तरीही हे लिहितेय...

१९८६ साल. आम्ही ॲरिझोनात चँडलरला राहायचो. नवरा अविनाश सेमीकंडक्टर इंजिनिअर. त्याला कामासाठी दोन आठवडे कोरियाला, सोलला जायचं होतं, म्हणून मी आणि सहा वर्षांची मीराही बरोबर गेलो.

एका शनिवारी दुपारी एका गाईड मुलीबरोबर तिथला जुना राजवाडा बघितला. शेवटी मागच्या शाही बागेत आलो. कमळांचं तळं, लालभडक झालेली झाडं, उतारावर छोटे लाकडी महाल — दारांच्या जाळीवर पांढरा कागद चिकटवलेला. अविनाश कॅमेऱ्याचा रोल बदलत होता. त्याची बॅग धरायला मी मीराचा हात सोडला. मिनिटभरच. वळून बघते तर मीरा नाही.

तळं! दुसरं काही सुचलंच नाही. अविनाश बुटांसकट कमरेएवढ्या पाण्यात उतरला. मी हाका मारत सुटले. आणि मागच्या बंद महालातून आवाज आला, "आई, आय ॲम हिअर."

पायरीवर तिचे बूट होते, नीट जोडून, टोकं बाहेरच्या बाजूला. दाराला मात्र बाहेरून गंजलेलं कुलूप.

"मीरा, दार उघड, बेटा."

"नॉट येट. शी इज नॉट डन."

"कोण?"

मी कुलूप धरून हिसडलं.

आमची गाईड धावत जाऊन म्हाताऱ्या पहारेकऱ्याला घेऊन आली. गंजामुळे किल्ली फिरेना. दहा मिनिटं तरी गेली असतील. त्या वेळात आतून हूं की चूं नाही. दार उघडलं तेव्हा मीरा खोलीच्या मधोमध पाठमोरी बसली होती. सकाळी मी तिचे केस मोकळे सोडले होते. आता त्यांची घट्ट, गुळगुळीत वेणी होती. जमिनीवर बोटभर धूळ... आणि तिच्यात एकाही पावलाचा ठसा नाही.

मी आत धावले, तिला उचललं. तिचे पांढरे मोजे स्वच्छ होते. पहारेकरी उंबऱ्याबाहेरच थांबला, रिकाम्या कोपऱ्याकडे बघून कमरेत वाकला आणि गाईडला काहीतरी म्हणाला.

"काय म्हणाले ते?" मी विचारलं.

तिने मान हलवली. "प्लीज, गो नाऊ."

टॅक्सीत मी तिची वेणी सोडली. मीरा एवढंच म्हणाली, "शी वॉज नाइस." अविनाश ओल्या कपड्यांत बसून सांगत राहिला, "लहान मुलं कुठूनही घुसतात गं. एखादी फट असेल मागे."

चँडलरला परतल्यावर वर्षभर मी मीराला बाथरूमचं दारही लावू दिलं नाही. ती आता फिनिक्सला डॉक्टर आहे. तिला यातलं काहीच आठवत नाही.

गेल्या वर्षी जेवताना हा विषय निघाला. मी म्हटलं, "तू म्हणालास तशी फट असेलच ना रे?"

अविनाशने हातातला घास ताटात ठेवला. मग म्हणाला, "दुसऱ्या दिवशी मी एकटाच परत त्या महालापाशी गेलो होतो. तुला सांगितलं नाही. चारही बाजूंनी हात फिरवून बघितला."

"मग?"

"आत जायला जागाच नव्हती."