दोन मनगटांवरची दोन घड्याळं

दाऊदचाचा दोन्ही मनगटांवर घड्याळ बांधायचे. डाव्यावर आपली वेळ, उजव्यावर कुवेतची, अडीच तास मागची. एकुलता एक मुलगा इरफान तिकडे नोकरीला होता. कुणी थट्टा केली की म्हणायचे, "एक हात हितं हाय, एक तिकडं. काय करू?"

अष्टमी गावात पुलाजवळ त्यांचं विमान-तिकिटांचं दुकान होतं. मी पेणहून रोज एसटीने जायचो आणि तिकिटं काढून द्यायचो. गल्लीतल्या निम्म्या घरांतलं कुणी ना कुणी आखातात. मुंबई ते कुवेत किती लांब, असं कुणी विचारलं की चाचा वैतागत. "पावणेतीन हजार किलोमीटर. कळलं काय? नाय ना? घरी किती वाजता पोचेल, ता विचार!" मग विमानाचे सव्वाचार तास, बाहेर पडायला एक, विमानतळावरून अष्टमीपर्यंत साडेतीन, असं बोटांवर मोजत.

म्हणूनच कुणाकडे मय्यत झाली आणि मुलगा परदेशातून यायचा असला, की दफनाची वेळ चाचाच ठरवत. एकदा ठरली की हलत नसे. शेजारच्या कासमच्या वडिलांच्या वेळी त्याचा भाऊ कोलाडला रस्त्यात अडकला होता. कासम हात जोडून उभा राहिला, तरी चाचा थांबले नाहीत. "मय्यतीला किती ताटकळवायचं?" एवढंच बोलले. मला तेव्हा त्यांचा राग आला होता.

गेल्या वर्षी चाची पहाटे गेल्या. इरफानचा फोन आला, सहाचं विमान मिळालंय. चाचांनी बोटं मोजली. सव्वादहाला उतरेल, पावणेतीनला घरी. मशिदीतून साडेतीनची वेळ सांगितली गेली. काहीतरी चुकतंय असं मला वाटलं होतं, पण चाचांचं गणित तपासायची मला सवयच नव्हती.

पावणेएकला इरफानचा फोन आला, आत्ता उतरलो. चाचांनी आधी डावं मनगट पाहिलं, मग उजवं. सहा म्हणजे तिकडचे सहा होते.

"चाचा, दोन तास पुढे ढकलू," मी म्हणालो. कासमही म्हणाला, "थांबूया, चाचा. माझा काय राग नाय."

चाचा त्याच्याकडे पाहत राहिले. "तुझ्या भावासाठी थांबलो होतो?"

साडेतीनला मय्यत उचलली तेव्हा इरफान पेणला पोचला होता. रोज मी जे अंतर खिडकीत डुलक्या काढत कापतो, तेवढंच उरलं होतं.

इरफान सव्वापाचला आला. ओल्या मातीवर त्याने तीन मुठी माती टाकली. चाचांनी विचारलं, "फ्लाइट टायमात होती?"

"व्हय, अब्बा. टायमात होती."

इरफान परत गेला त्या दिवशी चाचांनी उजव्या हातातलं घड्याळ सोडून माझ्यासमोर ठेवलं. "आता तू बघ. माझ्यानं होत नाय." आणि उठून घरी गेले. दुकानात ते परत आले नाहीत.

आता लोक माझ्याकडे येतात. सहाचं विमान आहे म्हणतात. मी बोटं उघडण्याआधी विचारतो, "तिकडचे सहा, की इकडचे?"