जपानी पिचर आणायला धुळ्याला

जळगावहून धुळ्याला फिरायला कोण जातं, असं ज्यांना वाटतं त्यांनी पुढे वाचू नका. मी गेले होते आणि आजवरच्या माझ्या सगळ्या प्रवासांत तोच एक नंबर. काशीला जाऊन आले, बालाजीला जाऊन आले. देवळात रांग असते, दुसरं काय.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. मी बावीस-तेवीस वर्षांची, जळगावजवळच्या असोद्यात नवी सून, शाळा चौथीपर्यंत. जळगावला माझं माहेर मैदानाला लागून होतं. तिथे कॉलेजच्या मुली सॉफ्टबॉल खेळायच्या, मी त्यांचे लांब गेलेले चेंडू आणून द्यायची. पिचर म्हणजे चेंडू टाकणारी, कॅचर म्हणजे फलंदाजाच्या मागे उकिडवी बसून तो झेलणारी. बोटं सुजतात, तोंडावर आदळतो, म्हणून कॅचर व्हायला कोणी तयार नव्हतं. मला बसवलं. लग्नानंतरही मी सोडलं नाही. शेवटी सासूबाई म्हणाल्या, "यंदाची स्पर्धा जिंकलीस तर खेळ. नाहीतर बंद." नवरा भाकर चावत बसला. त्याचं तसंच.

आणि नेमका आमच्या पिचरचा हात मोडला. स्पर्धा आठ दिवसांवर.

आमचे कोच नाना, निवृत्त पीटीचे मास्तर, सायकलवर असोद्याला आले. म्हणाले, "धुळ्यात एक जपानी बाई आहे. नवरा सूतगिरणीत मशिनी बसवायला आलाय. ती धुळ्याच्याच एका संघात चेंडू टाकायची, तो संघ मोडला. आता ती कोणाचीच नाही. स्पर्धेत बाहेरची एक खेळाडू चालते."

"मग बसलात काय? उठा."

"बाईमाणसाच्या घरी मी एकटा कसा जाऊ? तू चल."

सकाळची पहिली एसटी धरली. तिकीट तेव्हा पंचवीस-तीसच्या घरात. नानांच्या पिशवीत नारळ आणि शाल, खांद्यावर आमच्या मळ्यातला केळ्यांचा घड. माझ्या पिशवीत ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकर, ठेचा आणि कॅचरचा हातमोजा.

"हातमोजा कशाला? बोलणी करायला चाललोय," नाना म्हणाले.

"घरी ठेवला तर सासू बोहारणीला देईल," मी म्हटलं. खरंच दिला असता.

पाळधी गेलं, एरंडोल आलं. तिथे गाडी दहा मिनिटं थांबते. स्टँडवरची मिरचीची भजी खा, चहा पिऊ नका. शेजारी एक म्हातारी येऊन बसली. "कथा चालनी व माय?"

"धुळ्याला. एका जपानी बाईला आणायला."

"जपानी? कोनी सून शे ती?"

"सून नाही आजी. चेंडू टाकते."

म्हातारीनं माझ्याकडे वरून खाली पाहिलं. "आनि तू?"

"मी झेलते."

"घरना बठ्ठा कामं व्हई गयात का तुम्हना?" असं म्हणून ती इतकी हसली की तिला ठसका लागला. मी पाणी दिलं.

पारोळ्याच्या पुढे गाडीचं चाक बसलं. दुसरं चाक होतं, ते लावायला पाना नव्हता. कंडक्टर म्हणाला, मागची गाडी येईल. उतरून रस्त्याच्या कडेला उभे राहिलो, तर एक जीप आमच्यासमोरून धुळ्याकडे सुसाट गेली. पुढच्या सीटवर भुसावळच्या संघाचे सेक्रेटरी. त्यांनी नानांना ओळखलं, हातसुद्धा हलवला.

"गेली आपली पिचर," नाना म्हणाले आणि बाभळीखाली बसले.

मला असं बसलेलं माणूस बघवत नाही. कापसाचा ट्रक येत होता, मी सरळ रस्त्यात उभी राहिले. ड्रायव्हर आधी शिव्या देत थांबला, मग "बसा ताई" म्हणाला. केबिनमध्ये तिघं आणि केळ्यांचा घड. आता तो रस्ता चारपदरी झालाय, तुम्ही दीड तासात जाल. आम्हाला चार तास लागले आणि एक मिनिट कंटाळा आला नाही.

देवपुरात, पांझरा नदीच्या पुलापलीकडे, ती भाड्यानं राहायची. जीप दारात उभी होतीच. ओट्यावर भुसावळचे अध्यक्ष, सेक्रेटरी, खजिनदार ओळीनं खुर्च्यांवर. समोर शाल, नारळ, खोक्यात साडी. मुलगी बघायला आल्यासारखे सगळे. नानांनी पण आपला नारळ काढून मांडला. मला हसू आलं.

ती बाई, युमिको तिचं नाव, माझ्यापेक्षा चार-पाच वर्षांनी मोठी असेल. अंगानं बारीक, मनगटं मात्र लोहारासारखी. तुटकं हिंदी बोलायची. न्यायला-आणायला जीप, राहायला बंगला, जेवायला काय हवं ते, सेक्रेटरी सांगत होते. तिनं सगळं नीट ऐकलं. मग विचारलं, "कैचर कौन?"

सेक्रेटरी गोंधळले. "है ना! घर पे है. बहुत अच्छी लडकी है."

"अच्छे घराने की," अध्यक्षांनी जोडलं.

तीन-तीन पदाधिकारी आणले होते, पण जिला तो चेंडू झेलायचा तिलाच आणलं नव्हतं. आणि आमचे नाना! तेसुद्धा घसा खाकरून आमच्या संघाचा इतिहास सांगायला लागले. मी उठले.

"मैं कैचर. चलो, डालो."

घरामागे मोकळी जागा होती. पदर खोचला, हातमोजा चढवला, भिंतीसमोर बसले. पहिला चेंडू मला दिसलाच नाही. भिंतीचा गिलावा पडला, आतून घरमालकीण ओरडली. दुसरा करंगळीवर बसला, डोळ्यांत पाणी आलं. तिसरा खालून येता येता वर चढला. चेंडू वर चढतो हे मी जन्मात पाहिलं नव्हतं! तो मी धरला. भुसावळवाले कोपऱ्यात साडीचं खोकं धरून उभे.

वीस-पंचवीस चेंडू झाले. ती जवळ आली, माझी करंगळी दाबून पाहिली, हातमोजा सरळ केला. मग बोटांच्या खुणा शिकवल्या, एक बोट म्हणजे खालचा, दोन म्हणजे चढणारा. परत जागेवर गेली आणि थांबली. मीही थांबले.

"डालो ना!"

"तुम बोलो," ती म्हणाली. "कैचर बोलता है."

कोणता चेंडू टाकायचा ते आमच्याकडे नाना बाकावरून कान खाजवून सांगायचे. मला कधी कोणी विचारलं नव्हतं. मैदानावर नाही, घरात तर नाहीच. मी दोन बोटं दाखवली. तिनं चढणारा टाकला. मी धरला.

ती आमच्याकडून खेळली. साडी भुसावळला परत गेली. परत निघताना आम्ही धुळ्यातच आग्रा रोडवर शेवभाजी खाल्ली. इतकी तिखट की नाना रडले, पण मला वाटतं ते तिखटानं नव्हतं.

स्पर्धेत आम्ही फायनलला पोचलो आणि एका रनानं हरलो. शेवटच्या चेंडूला मी खालचा मागितला. समोरच्या मुलीला तोच हवा होता. नाना युमिकोवर चिडले, "वो क्यों डाला?" ती शांतपणे म्हणाली, "कैचर ने बोला. मैंने डाला." माझ्याकडे बघून मान हलवली, बस्स. महिन्याभरात ते दोघं जपानला परत गेले, पुन्हा भेट नाही.

मी संध्याकाळी असोद्याला आले तेव्हा सासूबाई ओसरीवर डाळ निवडत होत्या. बातमी माझ्याआधी पोचली होती.

"हरली ना? झालं मग."

"झालं नाही. पुढच्या वर्षी परत बसणार. कोणता चेंडू टाकायचा ते तिथे मी सांगते."

सुपातला खडा त्यांनी अंगणात भिरकावला. मग म्हणाल्या, "आणि घरात कोण सांगणार?"

"घरात तुम्हीच सांगा की."

"मग पाणी ठेव चहाला," त्या म्हणाल्या.

मी ठेवलं. आणि पुढची सहा वर्षं खेळले.