बांधलेला खंड्या

क्योतोत पीएच.डी. करताना मी परदेशी विद्यार्थ्यांच्या वसतिगृहात राहत होते. दर नोव्हेंबरात माजी विद्यार्थी एका दिवसासाठी विद्यापीठात परत येतात. त्या दिवशी प्रत्येक वसतिगृहाचा चित्ररथ निघतो. हातगाडीवर काहीतरी उभारायचं आणि रस्त्यातून ओढत न्यायचं. आमचा ठरलेला पुठ्ठ्याचा पृथ्वीगोल असायचा. त्या वर्षी मात्र दादा म्हणाला, "मी करतो."

दादा नागपूरचा, आर्किटेक्चरमध्ये संशोधन करणारा, आमच्यातला सगळ्यात जुना, म्हणून मी त्याला दादा म्हणायचे. एरवी स्वयंपाकघरात भेटला तरी दोन शब्दांपलीकडे बोलायचा नाही. त्याने शहरातल्या कामो नदीवर दिसतो तसा खंड्या कागदावर काढला, पंख उघडणारा. मी आणि एक व्हिएतनामी मैत्रीण त्याच्या हाताखाली लागलो. सायकलींच्या शेडमध्ये आम्ही बांबूच्या कामट्या वाकवल्या, मैद्याच्या खळीने त्यांवर निळा कागद चिकटवला. पंख ओढायला सायकलच्या ब्रेकच्या तारा लावल्या. माझे प्रयोग तेव्हा सतत फसत होते. शेडमध्ये आलं की निदान हातातलं काम दिसायचं तरी.

"तुझा थिसिस कुठवर आला?" मी एकदा विचारलं.

"चाललंय," म्हणाला आणि खळ ढवळत राहिला.

मिरवणुकीच्या सकाळी त्याने तार ओढली आणि दोन्ही पंख सावकाश उघडले. मैत्रिणीने तोंडावर हात ठेवला. मी दादाला पहिल्यांदाच हसताना पाहिलं.

तेवढ्यात आयोजन समितीचा जपानी मुलगा टेप घेऊन आला. मापं घेऊन झाल्यावर तो कमरेत वाकला. पोलिसांची परवानगी ठरावीक रुंदीचीच होती आणि उघडलेले पंख तिच्याबाहेर जात होते. पंख बंद ठेवून निघा, असं तो पुन्हा पुन्हा माफी मागत सांगत राहिला. मी वाद घालायला पुढे झाले. दादाने मला थांबवलं. "राहू दे. त्याची चूक नाही." त्याने स्वतःच दोरीने पंख अंगाशी आवळून बांधले.

तसाच आम्ही तो ओढत नेला. दुतर्फा म्हातारे माजी विद्यार्थी टाळ्या वाजवत होते. एका लहान मुलीने आईला विचारलं, कबूतर आहे का? आई हो म्हणाली.

दुपारी शेडमध्ये सगळं मोडायला घेतलं. कागद जाळायच्या कचऱ्याच्या पिशवीत, तारा वेगळ्या, बांबू कापून वेगळे. कामट्या कापता कापता दादा म्हणाला, "माझ्या गाइड सरांनी मला मार्चनंतर लॅबमध्ये ठेवणार नाही म्हणून सांगितलंय."

"कधी?"

"आपण बांबू आणायला गेलो, त्याच्या आधीच."

"मग हे कशाला केलंस?"

"काहीतरी पूर्ण झालेलं बघायचं होतं." थोडा वेळ तो कापतच राहिला. "घरी अजून सांगितलेलं नाही. आई सगळ्यांना सांगते, मुलगा डॉक्टर होऊन येतोय."

मी पिशवीचं तोंड धरून उभी राहिले.

मार्च उजाडायच्या आधीच त्याची खोली रिकामी झाली. निरोप घ्यायला तो कोणाकडे आला नाही. माझे मेसेज त्याने वाचले, उत्तर एकाचंही दिलं नाही. माझे प्रयोग तसेच फसत राहिले. पुढच्या शरदात वसतिगृहाच्या बैठकीत कोणीतरी विचारलं, यंदा चित्ररथ कोण करणार? माझ्याकडे पाहून विचारलं असावं. मी खाली बघत बसले.