दहा लाख एक

ठाण्याच्या खाडीत होड्या दिसल्या की विसूपंत मास्तर आधी त्या मोजत. "सतरा! यांच्या समान लांबीच्या रांगा लावून दाखव बरं," म्हणत. सगळ्यांची एकच रांग केल्याशिवाय किंवा एकेक होडी सुटी ठेवल्याशिवाय त्या लागत नसत. मूळ संख्या म्हणजे काय, ते आम्हां मुलांना अशा होड्यांवर समजलं. "मास्तर म्हणाले म्हणून मान हलवू नकोस, भागून बघ," हे त्यांचं पालुपद. आम्ही माना हलवत असू. मी तर वर्गात पहिला.

मास्तरांचा सगळा अभिमान एका संख्येत होता. दहा लाख एक! हजाराखालच्या एकशे अडुसष्टही मूळ संख्यांनी तिला भागलं, एकीनेही पुरता भाग जाईना, असं ते सांगत. "हा गडी कुणाला वश नाही," म्हणत मिशांवरून हात फिरवत.

पुढे कल्याणला माझ्या लग्नाच्या पंगतीत मास्तर उगवले. पायांवर धूळ. मी पाट दाखवला.

"आधी ऐक. दहा लाख एक मूळ नाही. एकशे एकाने भाग जातो. नऊ हजार नऊशे एक वेळा."

माझे सासरे वाढप्याकडे बघू लागले.

"मास्तर, अहो, हे आज?"

"चूक मी शिकवली. ती परत न्यायला आलोय."

शंभरापर्यंतचे भागाकार त्यांनी पाटीवर केले होते, पुढचे कागदावर. पाटी ठेवून कागद घेतला, तो एकशे तीनापासून; एकशे एक मधेच राहिला. ही चूक काढली धाकूने. आमच्या वर्गात तो शेवटच्या ओळीत बसे, आता कोपरीच्या मिठागरावर होता. "मास्तर, एकशे एकान जातंय ना!" असं त्याने रस्त्यातच सांगितलं म्हणे.

"फार लागलं असेल तुम्हांला," मी म्हणालो.

"लागलं तर! दोन दिवस घास उतरला नाही. पण धाकूने भागून बघितलं रे! तू बघितलंस?"

मी मान खाली घातली. भर मांडवात, मुंडावळ्या बांधलेल्या असताना, मला माझ्या पहिल्या नंबराची लाज वाटली. मास्तर मात्र मजेत चार लाडू जेवले आणि दुसऱ्या शिष्याला गाठायला ठाकुर्लीकडे चालू लागले. त्या पंधरवड्यात दिवा, डोंबिवली, सगळीकडे ते असेच हिंडले. एकालाही वगळलं नाही.

दोन वर्षांनी मास्तर गेले. धाकू त्यांचे कागद घेऊन माझ्याकडे आला. दहा लाख तीन ही नवी संख्या त्यांनी पुन्हा पहिल्यापासून भागली होती. शेवटी लिहिलं होतं, "माझ्या मते मूळ. भागून बघ."

"मी बघितलाय," धाकू म्हणाला. "आता तू बघ."

मला नऊ दिवस लागले. एकशे एकाने दोनदा भागलं. दहा लाख तीन मूळ आहे, आणि हे मी मास्तर म्हणाले म्हणून सांगत नाही.