कुरडयांच्या जागी सोलर

धायरीत आमच्या सोसायटीच्या गच्चीवर मी दर उन्हाळ्यात कुरडया वाळत घालायचे. एका वर्षी वरच्या मजल्यावरच्या काकांनी नेमके तिथेच स्वतःचे सोलर पॅनल बसवले. माझ्या ओल्या कुरडयांचा प्लास्टिकचा कागद चपलेने बाजूला सारला आणि वर म्हणाले, "गच्चीवर तुमचं नाव लिहिलंय का?"

मी कुरडया उचलून खाली नेल्या. पॅनल बसवणाऱ्याकडून मात्र एक गोष्ट ऐकून ठेवली. एका पॅनलवर सावली पडली, तरी अख्ख्या ओळीची वीज घटते.

तेव्हापासून आमच्या गोधड्या पॅनलसमोरच्या दोरीवर आळीपाळीने रोज ऊन खातात. परवा काका धापा टाकत वर आले. "अहो, सावली पडतेय!"

मी गोधडी नीट पसरली. "उन्हावर तुमचं नाव लिहिलंय का?"